घाट चढताना, घाट उतरताना

मुलांनो, 'घाट' हा शब्द तुम्ही दोन ठिकाणी ऐकला असेल. नाशिक शहरात गोदावरीच्या काठाला दगडी पायऱ्या बांधल्या आहेत. त्या पायऱ्यांना घाट म्हणतात. लोक त्यांवरून पाण्यापर्यंत उतरतात. डोंगरातून वर-खाली जाणाऱ्या रस्त्यालाही घाटच म्हणतात. कसारा घाट, बोरघाट, सप्तशृंगी गडाचा घाट ही नावे तुमच्या कानांवर आली असतील. उर्दूत आपण ज्याला 'दर्रा' म्हणतो, त्याला मराठीत 'खिंड' असे म्हणतात. खिंडीपर्यंत चढत जाणारी आणि पलीकडे उतरत जाणारी वाट म्हणजे घाट.

या पाठात आपण मनाने एका सहलीला जाणार आहोत. ही सहल एका दिवसाची आहे. आपली गाडी म्हणजे चारही चाकांना जोर देणारी एक जीप आहे. आपल्याबरोबर एक अनुभवी चालक आहे. त्यांना आपण काका म्हणू. इगतपुरीला एक वाटाड्या आपल्याला भेटणार आहे. वाटाड्या म्हणजे वाट दाखवणारा, उर्दूत ज्याला 'रहबर' म्हणतात तो. त्याला गावातले सगळे मामा म्हणतात, म्हणून आपणही मामाच म्हणू. जाता जाता आपण एक गोष्ट शिकणार आहोत : घाटात गाडी कशी चढते आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गाडी सुखरूप कशी उतरते.

निघण्यापूर्वी हा डोंगर कसा आहे ते पाहू. महाराष्ट्राच्या पश्चिमेला उत्तर-दक्षिण पसरलेला सह्याद्री पर्वत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथील जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यांतून तापलेला लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थंड होऊन त्याचा काळा खडक झाला. असे पुन्हा पुन्हा घडले. थरावर थर साचले. पुढे ऊन, वारा आणि पाऊस यांनी हे थर झिजले आणि डोंगराला पायऱ्यांसारखा आकार आला. भूगोलाच्या पुस्तकात या खडकाला 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' हे नाव जिना या अर्थाच्या एका स्वीडिश शब्दावरून आले आहे.

या जिन्याची एक बाजू फार उभी आहे. पूर्वेकडे, म्हणजे देशावर, जमीन हळूहळू उतरत जाते. पश्चिमेकडे, म्हणजे कोकणाच्या बाजूला, डोंगर एकदम तुटलेला आहे. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इगतपुरीही साधारण तेवढ्याच उंचीवर आहे. म्हणजे आपण नाशिककर मुळातच जिन्याच्या वरच्या पायरीवर राहतो. मुंबईचा माणूस नाशिकला येताना घाट चढतो. नाशिकचा माणूस मुंबईला जाताना घाट उतरतो. म्हणून आपल्या सहलीत चढण नंतर येईल, उतरण आधी येईल.

आता तयारी करू. आपण ऑक्टोबर महिना निवडला आहे. भर पावसाळ्यात ही सहल करायची नाही. इगतपुरीच्या परिसरात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात दाट धुके असते, दरडी कोसळतात, ओढ्यांना अचानक पूर येतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरलेला असतो, पण कच्च्या वाटा अजून थोड्या ओल्या असतात. शिकायला एवढा चिखल पुरे.

काका आदल्या दिवशीच गाडी तपासतात. चाकांतील हवा, टायरांवरील नक्षी, ब्रेक ऑइल, रेडिएटरमधील पाणी, दिवे आणि हॉर्न ते पाहतात. जादा चाक, जॅक, फावडे, ओढण्याचा मजबूत पट्टा, चाकाखाली लावायचे दोन लाकडी ठोकळे, विजेरी आणि प्रथमोपचाराची पेटी ते गाडीत ठेवतात. पिण्याचे पाणी आणि खाण्याचे डबे आपण घेतो. आणखी एक काम आहे आणि ते बरेच लोक विसरतात. आपण कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगून निघायचे. दरीत मोबाइल फोन चालेलच असे नाही.

सकाळी साडेसहाला आपण नाशिकहून निघतो. मुंबई-आग्रा महामार्गाने सुमारे ४५ किलोमीटर गेले, की इगतपुरी येते. तेथे मामा गाडीत बसतात. गावाबाहेर, घाटाच्या तोंडाशी, घाटनदेवीचे देऊळ आहे. तेथून खाली पाहिले, की खोल दरी आणि एकामागे एक डोंगर दिसतात. हाच कसारा घाट. याचे जुने नाव थळ घाट. घाटाच्या वर नाशिक जिल्हा आहे आणि खाली ठाणे जिल्हा.

ही वाट फार जुनी आहे. कोकणातील बंदरांवर उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून घाटांनी वर आणला जाई. देशावरचा माल त्याच वाटांनी खाली जाई. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. त्यात गोवर्धन आणि शूर्पारक या ठिकाणी प्रवाशांसाठी बांधलेल्या निवाऱ्यांचा उल्लेख आहे. गोवर्धन नाशिकजवळ आहे. शूर्पारक म्हणजे आजचे सोपारा. ते कोकणात समुद्राजवळ आहे. दोन्ही गावांच्या मध्ये सह्याद्री उभा आहे. त्या काळीही घाट ओलांडणाऱ्या माणसाला विसाव्याची गरज होती.

मामा दरीकडे बोट दाखवतात. तेथे डोंगराच्या कडेने रेल्वेचे रूळ दिसतात. कसारा ते इगतपुरी हा रेल्वेमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. सुमारे १५ किलोमीटरच्या अंतरात गाडीला जवळजवळ ३०० मीटर वर चढावे लागते. काही ठिकाणी चढ ३७ ला १ असा आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेले, की रूळ १ मीटर वर जातो. तुम्हाला हा चढ थोडा वाटेल, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक सहज घसरते. त्यामुळे रेल्वेसाठी हा फार मोठा चढ आहे. म्हणून घाट चढताना कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडण्याची पद्धत आहे. पुढचे इंजिन ओढते आणि मागची इंजिने ढकलतात.

आता नीट लक्ष द्या. चढताना रेल्वे जादा जोर लावते. मग उतरताना ती काय करते? उतरताना ती आधी थांबते. मुंबईकडे जाणारी गाडी इगतपुरीला उभी राहते. तेथे तिचे ब्रेक तपासतात आणि मगच ती घाटात शिरते. घाटात काही ठिकाणी मुख्य रुळाला फुटून चढावर जाणारा एक वेगळा रूळ असतो. एखाद्या गाडीचा ताबा सुटलाच, तर तिला त्या रुळावर वळवतात. चढावर गेल्याने तिचा वेग आपोआप कमी होतो. ज्यांनी घाटात रेल्वे बांधली, त्यांना चढणीपेक्षा उतरणीची काळजी अधिक होती. का, ते आपल्या जीपच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

आपली जीप माणसे आणि सामान धरून २००० किलो वजनाची आहे, असे समजा. घाटात ती ३०० मीटर खाली उतरणार आहे. वर असलेल्या जड वस्तूत शक्ती साठलेली असते. छतावरून पडलेला नारळ फुटतो तो याच शक्तीमुळे. जीप खाली येताना ही शक्ती कोठेतरी खर्च झालीच पाहिजे. ती खर्च झाली नाही, तर जीपचा वेग वाढत जाईल. आपण ब्रेक दाबतो, तेव्हा ब्रेक चाकाला घासतात आणि शक्तीची उष्णता होते. हिशेब केला तर ही उष्णता सुमारे ५८ लाख ८० हजार ज्यूल एवढी भरते. एवढ्या उष्णतेत सुमारे १७ लिटर साधे पाणी उकळेल! २५ टन वजनाचा ट्रक असेल, तर २०० लिटरहून अधिक पाणी, म्हणजे भरलेले एक मोठे पिंप, उकळेल. एवढी उष्णता चाकांतल्या छोट्याशा ब्रेकमध्ये तयार झाली, तर काय होईल?

ब्रेक तापून लाल होतात. त्यांची पकड सुटते. जळका वास येऊ लागतो. कधी ब्रेक ऑइल उकळते आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. पातळ पदार्थ दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग चालकाने पाय कितीही दाबला, तरी सगळा जोर वाफ दाबण्यातच जातो आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. 'ब्रेक फेल झाले' अशी बातमी आपण वाचतो. अनेकदा ब्रेक मोडलेले नसतात. ते फक्त तापलेले असतात.

मग उपाय काय? उपाय सोपा आहे आणि तो प्रत्येक चांगल्या चालकाला माहीत असतो. ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढते, त्याच गिअरमध्ये ती उतरवायची. घाटनदेवीपाशीच काका खालचा गिअर टाकतात. आता चाके इंजिनाला फिरवत असतात. इंजिनाला हवा ओढावी आणि ढकलावी लागते. त्यात उतरणीची बरीचशी शक्ती खर्च होते. जणू इंजिनच गाडीला मागून धरून ठेवते. काका ब्रेकवर पाय ठेवून बसत नाहीत. वळण आले, की ते थोडा वेळ ब्रेक लावतात आणि लगेच सोडतात. त्यामुळे ब्रेकला थंड व्हायला वेळ मिळतो.

काही चालक डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. ही फार घातक सवय आहे. न्यूट्रलमध्ये चाके आणि इंजिन यांचा संबंध तुटतो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. शिवाय वाचत तर काहीच नाही. आजच्या गाड्यांचे इंजिन गिअरमध्ये उतरताना इंधन आपोआप बंद करते. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवण्यासाठी इंधन जाळावेच लागते. थोड्या पैशांच्या खोट्या लोभापायी माणसे आपला आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतात.

घाटात चढण्यासाठी आणि उतरण्यासाठी वेगवेगळे रस्ते आहेत. त्यामुळे समोरून गाडी येण्याची भीती कमी झाली आहे. अरुंद घाटात मात्र दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियमच आहे. यामागे कारण आहे. चढावर थांबलेली गाडी पुन्हा सुरू करणे कठीण असते. ती मागे घसरू शकते. उतरणारी गाडी थांबली, तरी तिला पुन्हा निघायला कष्ट पडत नाहीत.

अर्ध्या-पाऊण तासात आपण कसाऱ्याला पोचतो. चहा पिऊन त्याच घाटाने वर येतो. आतापर्यंत जीपने फक्त मागच्या दोन चाकांच्या जोरावर काम केले. पक्क्या रस्त्यावर तेवढे पुरते. पुन्हा इगतपुरीला आल्यावर मामा महामार्ग सोडायला सांगतात. आता कच्ची वाट सुरू होते. डोंगरातल्या एका पाड्याकडे ती चढत जाते. ठिकठिकाणी दगड, चाकोऱ्या आणि ओला चिखल आहे. काका गाडी थांबवतात आणि गिअरशेजारचा दुसरा दांडा ओढतात. जीपची खरी करामत आता दिसणार आहे.

ही करामत समजण्यासाठी एका हातगाडीची कल्पना करा. ओल्या फरशीवर जड हातगाडी उभी आहे. दोन माणसे तिला जोरात ढकलतात. त्यांचे पाय घसरतात आणि गाडी जागेवरच राहते. आता आणखी दोन माणसे आली. चौघांनी मिळून ढकलले. प्रत्येकाला निम्माच जोर लावावा लागला. कोणाचाही पाय घसरला नाही आणि गाडी पुढे सरकली. चाकाचेही असेच आहे. चिखलात चाकाची पकड मर्यादित असते. तिच्यापेक्षा जास्त जोर लावला, तर चाक जागच्या जागी फिरते. साध्या गाडीत दोनच चाकांना जोर मिळतो. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत तोच जोर चार चाकांत वाटला जातो. इंजिनाची ताकद वाढत नाही. तिची वाटणी चांगली होते.

हे घडते कसे? इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून एका जोडपेटीत येतो. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तेथून एक दांडा मागच्या चाकांकडे आणि एक दांडा पुढच्या चाकांकडे जातो. याच पेटीत एक संथ गिअरही असतो. तो टाकला, की गाडी माणसाच्या चालीने चालते, पण तिचा जोर कितीतरी वाढतो. सायकलला गिअर असतात हे तुम्हाला माहीत आहे. हलका गिअर टाकला, की पाय भराभर फिरतात, सायकल हळू जाते, पण चढ सहज चढते. येथेही तसेच होते.

डावे आणि उजवे चाक यांच्यामध्ये डिफरन्शियल नावाचा भाग असतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते आणि आतल्या चाकाला कमी. तुम्ही हात धरून ओळीने वळता, तेव्हा टोकाचा मुलगा धावतो आणि आतला जागेवरच पावले टाकतो, तसे हे आहे. डिफरन्शियलमुळे दोन्ही चाके आपापल्या वेगाने फिरू शकतात. पण त्यात एक उणीव आहे. एक चाक चिखलात किंवा हवेत गेले, तर तेच भराभर फिरते आणि कोरड्या जमिनीवरचे चाक स्वस्थ राहते. म्हणून काही गाड्यांत डिफरन्शियल तात्पुरते बांधून टाकण्याची सोय असते. पक्क्या, कोरड्या रस्त्यावर मात्र अशा जीपचे चार चाकांचे बंधन काढून टाकावे लागते. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर चालतात. त्यांना एकत्र बांधले, तर टायर घासतात आणि दांड्यांवर ताण येतो. म्हणूनच काकांनी घाटात तो दांडा ओढला नव्हता.

जीप मुळात अमेरिकेच्या सैन्यासाठी १९४०-४१ मध्ये तयार झाली. भारतात महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे याच कंपनीचा कारखाना आपल्या नाशिकमध्ये आला. बोलेरो, स्कॉर्पिओ आणि थार या गाड्या त्याच कारखान्यातून बाहेर पडल्या. अशा गाड्या चालवण्याचे शिक्षण देण्यासाठी कंपनीने इगतपुरीला खास मैदानही तयार केले होते. म्हणजे ज्या डोंगरात या गाड्यांची परीक्षा होते, त्याच डोंगराच्या सावलीत त्या घडतात.

आता एक उभा चढ समोर येतो. काका गाडी थांबवतात, पण मामा काही न बोलता खाली उतरतात. चढाच्या टोकापर्यंत ते चालत जातात. वाटेतले दोन दगड बाजूला करतात. एका चाकोरीत काठी घालून तिची खोली पाहतात. चढाच्या पलीकडे वाट डावीकडे वळते की उजवीकडे, हेही पाहून येतात. चढताना चालकाला फक्त आकाश दिसते. पलीकडचे काही दिसत नाही. म्हणून मामांचा नियम आहे : "आधी पाय, मग चाक." मग ते चालकाला दिसेल अशा जागी उभे राहून हाताने खुणा करतात. खुणा एकाच माणसाने करायच्या असतात. चौघे चार दिशांनी ओरडू लागले, तर चालक गोंधळतो.

काका संथ गिअरमध्ये, एकाच वेगाने, सरळ चढतात. स्टिअरिंगवर त्यांचे अंगठे बाहेर असतात. चाक दगडावर आपटले, तर स्टिअरिंग एकदम फिरते आणि आत असलेला अंगठा मोडू शकतो. आपण सर्वांनी पट्टे बांधलेले आहेत. हातपाय गाडीच्या बाहेर नाहीत.

पहिल्या खेपेला जीप अर्ध्यावर अडते. चाके फिरतात, चिखल उडतो. काका जोर वाढवत नाहीत. ते गाडी मागच्या गिअरमध्ये घालतात आणि आल्या वाटेने सरळ मागे उतरतात. चढावर गाडी वळवण्याचा प्रयत्न कधीही करायचा नसतो. आडवी झालेली गाडी कलंडते. मामा चिखलात थोडे दगड टाकतात. दुसऱ्या खेपेला गाडी वर पोचते. मग मामा टाकलेले दगड वाटेतून उचलून कडेला ठेवतात. चाकाखाली लावलेला दगड रस्त्यातच टाकून जाणारे लोक असतात. रात्री एखादा मोटारसायकलवाला त्यावर आपटतो. आपले काम झाले, म्हणून दुसऱ्याची वाट अडवू नये.

पलीकडे उतार आहे. तो चढापेक्षाही उभा आहे. आता तुम्हीच सांगा, काका काय करतील? ते चार चाकांचा संथ गिअर आणि त्यातही पहिला गिअर टाकतात. क्लचवरून आणि ब्रेकवरून पाय काढतात. जीप मुंगीच्या चालीने उतरते. येथे एक गैरसमज दूर करू. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी लवकर थांबते, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. ब्रेक तर सगळ्याच मोटारींच्या चारही चाकांना असतात. चार चाकांचा जोर चढायला उपयोगी पडतो. थांबण्यासाठी तो जादा पकड देत नाही. जी गाडी सहज चढते, तिच्या चालकाला वाटते की ती सहज उतरेलही. तेथेच घात होतो.

पुढे एक ओढा लागतो. मामा आधी पायी ओलांडून पाहतात. पाणी घोट्याइतके आहे आणि तळ खडकाचा आहे, म्हणून गाडी हळूहळू पार होते. पाणी गुडघ्यापर्यंत असते किंवा त्याला ओढ असती, तर आपण परत फिरलो असतो. वाहत्या पाण्याचा जोर मोठ्या गाडीलाही ढकलतो. अशा वेळी परत फिरणे हीच हुशारी.

दुपारी आपण पाड्यावर पोचतो. आजूबाजूला भाताची खाचरे आहेत. पीक पिवळे होत आले आहे. मामा बजावतात, "बांधावर चाक जाता कामा नये." एक बांध फुटला, तर खाचरातले पाणी जाते आणि शेतकऱ्याचे नुकसान होते. आपल्यासाठी ही वाट म्हणजे एका दिवसाची गंमत आहे. येथल्या लोकांसाठी ती रोजची आहे. बाजाराला जायचे, मुलांना शाळेत पाठवायचे, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे, तर याच वाटेने जावे लागते. पावसाळ्यात कोणी रात्री आजारी पडले, तर गाडी येऊ शकेल की नाही, यावर त्याचा जीव अवलंबून असतो. म्हणून वाट चिघळवू नये, ओढ्यात गाडी धुऊ नये, कचरा टाकू नये. मामांना वाट माहीत आहे, कारण त्यांना तिची गरज आहे.

जगातही अशा वाटा आहेत. दक्षिण आफ्रिकेतून लेसोथो या देशात जाणारी सानी खिंड २८७६ मीटर उंचीवर आहे. लेसोथो चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे. ही खिंड चढण्यासाठी फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच लागते. खालच्या गावांतून माहितगार चालक प्रवाशांना एका दिवसात वर नेऊन परत आणतात. तेथली उंची वेगळी, हवा वेगळी, भाषा वेगळी. पण संथ गिअर, वळणावरचा संयम आणि वाट जाणणारा माणूस तेथेही लागतोच.

संध्याकाळी आपण मामांना इगतपुरीला सोडतो आणि नाशिककडे निघतो. आता इगतपुरीजवळून आणखी एक रस्ता जातो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. त्यात डोंगराच्या पोटातून सुमारे आठ किलोमीटर लांबीचे दोन समांतर बोगदे काढले आहेत. त्यांतून जाणाऱ्याला कसारा घाटाची वळणे लागत नाहीत. बैलांच्या पाठीवरून रुळावर, रुळावरून डांबरी रस्त्यावर आणि आता बोगद्यात, असा हा प्रवास झाला आहे.

तरीही सह्याद्रीत बोगदा नसलेल्या वाटा पुष्कळ आहेत. तुमच्यापैकी काही जण उद्या मोटारसायकल चालवतील, कोणी ट्रक चालवील, कोणी एस.टी.ची बस चालवील. तेव्हा उतार सुरू होण्याआधी वेग कमी करा, खालचा गिअर टाका आणि चढणाऱ्याला वाट द्या. गाडीला चढवते ते तिचे इंजिन. तिला सुखरूप उतरवतो तो चालकाचा शहाणपणा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'घाट' या शब्दाचे दोन अर्थ कोणते?
(आ) कसारा ते इगतपुरी हा रेल्वेमार्ग कधी सुरू झाला?
(इ) वाटाड्याचा नियम कोणता होता?

२. कारणे सांगा.
(अ) मुंबईकडे जाणारी रेल्वेगाडी इगतपुरीला थांबते.
(आ) उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये.
(इ) चढावर अडलेली गाडी वळवू नये.

३. चार-पाच वाक्यांत लिहा.
(अ) हातगाडीच्या उदाहरणावरून चार चाकांच्या जोराचा उपयोग समजावून सांगा.
(आ) पाड्यावरच्या लोकांना कच्च्या वाटेचे महत्त्व का वाटते?

४. विरुद्धार्थी शब्द लिहा : चढ, कच्चा, संथ, ओला, पुढे.

५. 'रस्ता', 'जोर', 'हुशारी', 'नुकसान' हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. पाठातील असे आणखी पाच शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यात उपयोग करा.